पोर्सिलेनचे दागिने पहिल्यांदा करताय? आधी भोकाचा विचार करा

हसू नका, पण पोर्सिलेनचे दागिने करताना सगळ्यात अवघड काय असं कोणी विचारलं तर मी ना रंग सांगेन ना नक्षी, मी सांगेन भोक. ज्यातून कडी किंवा दोरा जातो ते. माझ्या पहिल्या भट्टीत सहा पेंडंट होते, चार संध्याकाळी बसून त्यावर निळी पानं रंगवलेली, भट्टी उघडली तर पानं झकास, चकाकी झकास आणि सहाच्या सहा भोकं ग्लेझने, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा थर होणाऱ्या लेपाने, बंद. मग काय, बैल गेला आणि झोपा केला, साधं ड्रिल घेऊन भोकं पाडायला बसले, त्यात दोन तडकले आणि बाकीचे चार अजून ड्रॉवरमध्ये पडून आहेत. त्यामुळे खाली सगळं क्रमाने सांगतेय, मातीपासून कडीपर्यंत, पण मधे मधे मी त्या भोकापाशी परत येणार, कंटाळू नका.

माती आणि भट्टी, दोन्ही एकदम ठरवा

पोर्सिलेन म्हणून नेटवर वेगळ्याच गोष्टी दिसतात. कोल्ड पोर्सिलेन म्हणजे पांढरा गोंद आणि कॉर्नस्टार्च शिजवून केलेला लगदा, तो हवेवर वाळतो आणि पाण्यात राहिला की मऊ पडतो. पॉलिमर क्ले म्हणजे सरळ सरळ प्लास्टिक. दोन्हीचे दागिने छान होतात, माझं काही भांडण नाही, पण ते पोर्सिलेन नाही. खरं पोर्सिलेन म्हणजे केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ, जुना ढोबळ हिशोब असा की निम्मं केओलिन आणि बाकीचे दोन पाव-पाव. भट्टी १२०० अंशांच्या वर गेली की फेल्डस्पार वितळून त्याची काच होते, ती काच आतल्या फटी भरते, म्हणून भाजलेलं पोर्सिलेन पाणी जवळजवळ शोषतच नाही आणि पातळ असलं तर उजेडासमोर धरल्यावर आतून दुधी प्रकाश दिसतो. केओलिन हे नाव चीनमधल्या जिंगदेजेनजवळच्या गाओलिंगवरून पडलंय, आणि युरोपला ही विद्या जमायला अठरावं शतक उजाडलं, जर्मनीतल्या माइसेनचा कारखाना १७१० चा आहे. तेव्हा तुम्हाला तीन-चार महिने लागले तर वाईट वाटून घेऊ नका.

सुरुवातीला माती स्वतः मिसळायच्या भानगडीत पडू नका, तयार पिशवी घ्या. पण पिशवी घ्यायच्या आधी भट्टी शोधा, कारण घरच्या ओव्हनमध्ये हे होत नाही, तो २५० अंशांपाशीच दमतो. बऱ्याच पॉटरी स्टुडिओत बाहेरच्यांचं काम भाजून देतात, त्यांना एकच प्रश्न विचारायचा, तुम्ही कुठल्या कोनला भाजता? आणि त्याच कोनची माती घ्यायची. कोन म्हणजे भट्टीत ठेवायचे छोटे निमुळते सुळके, ठरावीक उष्णता अंगात मुरली की ते वाकतात, हर्मान झेगर नावाच्या जर्मन माणसाने १८८६ मध्ये ही पद्धत काढली आणि आजही तीच चालते. नुसतं तापमान पुरत नाही कारण किती वेळ तापवलं तेही धरावं लागतं, कोन दोन्हीचा हिशोब ठेवतो.

आता इथे एक शून्य आहे ज्याने भल्याभल्यांना रडवलंय. कोन ०६ म्हणजे साधारण १००० अंश आणि कोन ६ म्हणजे साधारण १२२० अंश. वाचताना तो शून्य गिळू नका. आपलं पोर्सिलेन ०६ ला भाजलं तर खडूसारखं कच्चं राहील, आणि उलट ०६ वाली लाल माती चुकून ६ च्या भट्टीत गेली तर ती वितळून दुसऱ्याच्या भट्टीतल्या शेल्फवर पसरेल आणि मग तुम्हाला त्या स्टुडिओत परत कोणी उभं करणार नाही. पुडीवर मोठ्या अक्षरात माती आणि कोन लिहून द्या, संकोच करू नका.

आकसण्याचं गणित

पोर्सिलेन वाळताना आणि भाजताना मिळून १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास आकसतं, काही माती त्याहूनही जास्त. पिशवीवर आकडा असतो पण स्वतः एकदा मोजाच. ओल्या मातीची पट्टी लाटा, त्यावर सुईने बरोबर १०० मिमी अंतराच्या दोन रेघा मारा, शेवटच्या भट्टीनंतर परत मोजा. ८७ भरलं तर १३ टक्के. आता ३० मिमीची चकती हवी असेल तर ३० ला ०.८७ ने भागायचं, म्हणजे ३४.५ मिमीचा कटर लागेल. बरेच जण ३० मध्ये १३ टक्के मिळवतात, ते होतात ३३.९, आणि चकती निघते साडेएकोणतीस. पेंडंटला चालून जाईल, अंगठीला नाही. खरं सांगायचं तर अंगठी पहिल्या वर्षी करूच नका, माप चुकतंच आणि टेबलावर हात आपटला की दोन तुकडे.

हेच गणित भोकालाही लावायचं. ओल्या मातीत ३ मिमीचं भोक पाडलं की भाजल्यावर २.६ राहतं, त्यात ग्लेझ थोडं आत उतरतं, म्हणजे प्रत्यक्षात सव्वादोन-अडीच हातात येतं. १ मिमी जाड तारेची कडी त्यातून आरामात जाते. ओलं असतानाच बारीक नाजूक भोक पाडलंत तर नंतर त्यातून सुईसुद्धा जाणार नाही.

लाटणं आणि कापणं

माती मळून घ्या, हवेचा फुगा राहू देऊ नका, आणि दोन बाजूंना ३ मिमी जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून मधे लाटा, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते. एकाच दिशेने दाबत राहू नका, तुकडा फिरवा, उलटा करा, दोन्ही बाजूंनी लाटा. खाली जाड सुती कापड चालतं पण त्याची वीण मातीवर उमटते, नको असेल तर शेवटी रबरी पट्टीने दोन्ही बाजू दाबून गुळगुळीत करा.

इथे पोर्सिलेनचा स्वभाव कळतो. या मातीला स्मरणशक्ती आहे, चेष्टा नाही. लाटलेला तुकडा एका कोपऱ्याला धरून उचललात, तो जरासा वाकला, तुम्ही लगेच परत सपाट केला, डोळ्यांना काही दिसत नाही. पण भट्टीत गेला की ये रे माझ्या मागल्या, जिथे वाकला होता तिथेच परत वाकतो. म्हणून उचलायचं असेल तर खाली कापड किंवा पातळ फळी असेल तशीच सगळी सरकवा, आणि कापलेला आकार बोटांनी खरवडून न काढता आजूबाजूची माती बाजूला करा आणि आकार तिथेच थोडा घट्ट होऊ द्या.

कापताना एक सोपी युक्ती, मातीवर पातळ प्लास्टिकची फिल्म पसरा आणि तिच्यावरून कटर दाबा. फिल्म कडेला थोडी आत ओढली जाते आणि कड आपोआप गोलसर होते, नंतरचं निम्मं घासकाम वाचतं. पहिल्या खेपेला साधे गोल, लंबगोल, थेंबाचे आकार घ्या. टोकदार पाकळ्या, बारीक देठ वगैरे आधी तुटतात मग रडवतात.

वजनाचं आधीच बघा. ३० मिमीची, भाजल्यावर २.६ मिमी जाडीची चकती साधारण साडेचार ग्रॅम भरते, कानात कळतही नाही. तीच चकती ५० मिमीची केली की १२ ग्रॅमवर जाते, आणि मग नाकापेक्षा मोती जड तशी कानाची गत होते. मी स्वतः एका कानाला ८ ग्रॅमच्या वर जात नाही. मोठं कानातलं हवंच असेल तर मधला भाग कापून रिंग करा.

आता भोक

माती मऊ असताना सुई खुपसून भोक पाडलं की मागच्या बाजूला कंगोरा येतो आणि आकारही दबतो. थांबा. माती चामड्यासारखी झाली पाहिजे, म्हणजे बोटाने दाबली तर ठसा उमटत नाही पण नखाने ओरखडा निघतो, याला लेदर हार्ड म्हणतात. त्या वेळी ३ मिमीचं ड्रिल बिट नुसतं चिमटीत धरून हलक्या हाताने फिरवा, मशीन नको. माती भुशासारखी बाहेर येते आणि भोक स्वच्छ पडतं. मग ६-७ मिमीचं मोठं बिट घेऊन दोन्ही बाजूंनी फक्त दोन वेढे फिरवा, भोकाच्या तोंडाला उतरती कड येते. ही उतरती कड फार कामाची आहे, का ते शेवटी सांगते.

भोक कडेच्या किती जवळ? खूप जवळ घेतलं तर तिथली माती तुटते, खूप आत घेतलं तर कडीच बसत नाही. समजा भोकापासून कडेपर्यंत ३ मिमी माती आहे आणि जाडी २.६ आहे, तर कडीला या दोन्हीला वळसा घालायचाय, तिरकं माप ४ मिमीच्या आसपास जातं. म्हणजे आतून ४ मिमीची कडी घट्ट अडकून बसेल, पेंडंट हलणारच नाही. आतून ६ मिमीची घ्या. हा हिशोब कागदावर आधी करा, कड्यांचं पाकीट नंतर आणा. मी उलटं केलं होतं.

वाळवणं

घाई इथेच नडते. कडा आधी वाळतात, मधला भाग मागे राहतो आणि चकतीची वाटी होते. दोन जिप्सम बोर्डच्या तुकड्यांमधे सगळे आकार सँडविचसारखे ठेवा, वर हलकं वजन, दोन-तीन दिवस विसरून जा, मधे एकदा उलटा. उन्हात, पंख्याखाली, हीटरजवळ अजिबात नाही. वाळलं का ते बघायला तुकडा गालाला लावायचा, गार लागला तर आत अजून पाणी आहे.

पूर्ण वाळलेला तुकडा बिस्किटापेक्षा ठिसूळ असतो, या अवस्थेत कोरडा घासू नका. एक तर मोडतो आणि दुसरं म्हणजे ती धूळ. हे जरा नीट वाचा. मातीच्या धुळीत सिलिका असते, तिचे सगळ्यात बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, ते फुप्फुसात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं असं चाललं तर सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. घाबरायचं कारण नाही पण सवयी पहिल्या दिवसापासून लावा. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. कडा साफ करायच्या तर पिळून घेतलेल्या स्पंजने. कोरडी पावडर हाताळताना एन-९५ मास्क, साधा रुमाल नाही. आणि कामाचा अ‍ॅप्रन झटकायचा नाही, सरळ धुवायला टाकायचा.

अजून एक, लाल मातीचं काम केलेल्या टेबलावर पोर्सिलेन लाटू नका. लोखंडाचा एक कण पांढऱ्यावर तपकिरी ठिपका होऊन बसतो आणि तो भाजेपर्यंत दिसत नाही.

पहिली भट्टी

ही बिस्क, म्हणजे ग्लेझ लावायच्या आधीचं पहिलं भाजणं, ९५० ते १००० अंशांची. सुरुवातीला १०० च्या आत बराच वेळ थांबवतात म्हणजे राहिलेलं पाणी वाफ होऊन तुकडा फुटत नाही. ५७३ अंशांना क्वार्ट्झ एकदम थोडं फुगतं आणि थंड होताना परत तितकंच आकसतं, त्यामुळे त्या टप्प्यात चढउतार हळू हवा. स्टुडिओवाले हे सांभाळतात. तुम्ही एवढंच करा की तुमचे बारके तुकडे भाजलेल्या मातीच्या एखाद्या पसरट वाटीत घालून द्या, नाहीतर दुसऱ्यांच्या मोठ्या भांड्यांत ते हरवतात. बिस्कमधे तुकडे एकमेकांना टेकले तरी चिकटत नाहीत, गर्दी चालते.

बिस्क झालं की घासायचं, वॉटर पेपरने आणि पाण्यात बुडवून, आधी २२० नंबरचा मग ४०० चा, नंबर मोठा तितका पेपर बारीक. भोकाची तोंडंही पेपरची सुरनळी करून घासा. धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि यानंतर हाताचं तेल लागू देऊ नका कारण तेलकट जागी ग्लेझ धरत नाही.

रंग आणि ग्लेझ

पहिल्यांदा अंडरग्लेझ, म्हणजे ग्लेझच्या खाली लावायचे रंग, आणि वर पारदर्शक ग्लेझ, बास. कोबाल्टचा निळा सगळ्यात बिनधास्त, उष्णतेला दाद देत नाही, फक्त जपून वापरा, ग्लेझमधे १ टक्का कोबाल्ट ऑक्साइडसुद्धा गडद निळा देतं. लाल आणि गुलाबी नखरेल असतात, पिशवीवरच्या रंगाच्या चित्रावर विश्वास न ठेवता आधी तुकड्यावर टेस्ट करा.

ग्लेझ दाट सायीइतकं हवं, तुकडा चिमट्यात धरून दोन-तीन सेकंद बुडवा, झटका, बाहेर. सुकलं की खरं काम. मागची बाजू ओल्या स्पंजने अगदी स्वच्छ पुसा, एक थेंबही राहिला तर तो वितळून शेल्फला चिकटतो. आणि भोक! टूथपिकला थोडा कापूस गुंडाळा, ओला करा, भोकातून फिरवा, उजेडाकडे धरून बघा, परत फिरवा. माझे ते सहा पेंडंट या एका मिनिटाच्या कामासाठी गेले. हवं तर ग्लेझच्या आधी भोकात ब्रशने वॅक्स लावून ठेवा, तिथे ग्लेझ धरतच नाही.

ग्लेझ नकोच असेल तरी चालतं, किंबहुना मला तेच जास्त आवडतं. नुसतं पोर्सिलेन शेवटच्या भट्टीनंतर डायमंड पॅडने पाण्याखाली ४०० पासून वर घासत गेलं की नदीतल्या गोट्यासारखं लागतं हाताला. चकाकी नाही, पण गळ्यात घातल्यावर माणूस सारखा हात लावत बसतो.

शेवटची भट्टी

कोन ६ ला १२२० च्या आसपास, कोन १० ला १२८० ते १३००. या तापमानाला पोर्सिलेन मऊ पडतं, म्हणून सपाट तुकडा सपाट शेल्फवरच ठेवा. छोट्या टोकदार स्टँडवर ठेवला तर मधे झोल येतो. आणि बिनग्लेझची पाठसुद्धा शेल्फला धरते, काढताना टवका उडतो, तसं होऊ नये म्हणून खाली अ‍ॅल्युमिना पावडरचा पातळ थर द्यायला सांगा.

मण्यांना सगळीकडून ग्लेझ हवं असतं, ते उच्च तापमानाच्या तारेवर ओवून टांगतात, कांथल किंवा निक्रोम. साधी तार तिथे टिकत नाही. तार आखूड ठेवा, मणी थोडे ओवा, कारण लाल झाली की तीही लोंबते, आणि एकमेकांना टेकलेले मणी जन्माचे जोडीदार होतात. मण्याच्या भोकात ग्लेझ राहिलं तर मणी आणि तार दोन्ही गेले. बघा, परत भोक.

सोनेरी कड पाहिली की सगळ्यांना लगेच तीच हवी असते. ती गोल्ड लस्टरची, म्हणजे ग्लेझवर लावायच्या सोनेरी द्रावाची, ग्लेझच्या भट्टीनंतर वेगळी तिसरी भट्टी लागते, ७००-७५० अंशांची, त्याचा वास आणि धूर चांगला नाही, खिडक्या उघड्या हव्यात, हातमोजे हवेत, आणि बोटाचा डाग राहिला तर भाजल्यावर तिथे जांभळट ठसा उमटतो. वर्षभराने बघा.

जोडणी

कानात जाणारी तार टायटॅनियम किंवा निओबियमची घ्या, निदान ३१६एल स्टीलची. स्वस्त मिश्रधातूत निकेल असतं आणि कानाला खाज, लाली येते ती बहुतेक वेळा त्याचीच. युरोपियन युनियनमधे टोचलेल्या जागी जाणाऱ्या भागाला आठवड्याला दर चौरस सेंटिमीटर ०.२ मायक्रोग्रॅमच्या आतच निकेल सुटलं पाहिजे असा नियम आहे, यावरून समजा किती बारीक गोष्ट आहे.

टॉप्स चिकटवायचे असतील तर मागची बाजू बिनग्लेझची ठेवा, ती आणि धातूची चकती दोन्ही थोडी खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टू-पार्ट इपॉक्सी सारख्या मापात मिसळून लावा आणि २४ तास हात लावू नका. झटपट गोंदाने चिकटवलेले टॉप्स कधीतरी नुसती दांडी कानात आणि फूल रस्त्यावर असे सापडतात.

कडी उघडताना दोन पक्कडींनी टोकं एकमेकांपासून लांब ओढायची नाहीत, एक टोक आपल्याकडे आणि एक पलीकडे असं वळवायचं आणि तसंच परत आणायचं, म्हणजे गोलाई टिकते. बंद केल्यावर फटीतून केस सरकत नाही ना बघा.

राहिलं ते उतरत्या कडेचं. माझा एक पेंडंट रेशमी दोऱ्यात होता, सगळं नीट, भोकही मोकळं, फक्त तोंडाची कड धारदार राहिली होती. भाजलेलं पोर्सिलेन स्टीलच्या सुरीलाही ऐकत नाही, दोरा तो काय. महिनाभर तो दोरा त्या कडेवर घासत राहिला आणि एक दिवस जिन्यावर टक्‌ असा आवाज आला. आता कुठलाही तुकडा ओवायच्या आधी मी भोकातून कापसाची वात ओढते, एक तंतू जरी अडकला तरी बारीक डायमंड फाइल घेऊन, पाण्याखाली धरून, ती जागा घासते आणि परत वात ओढून बघते.